ग्लोबल हेल्थ पॉलिसीत पीएचडी: बाहेर की इथेच?

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) झालेल्या दोघातिघांनी एवढ्यात हेच विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नेट, आयईएलटीएस वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

बाहेरचं पारडं जड आहे यात वाद नाही. जिनिव्हात डब्ल्यूएचओ, लसींसाठी काम करणारी ‘गावी’ (Gavi), एड्स-टीबी-मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड, सगळी एकाच शहरात, तिथे ज्या ओळखी होतात त्या मुंबईच्या टिस, जेएनयू किंवा तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत बसून सहसा होत नाहीत. पैशाचंही तसंच, आपली जेआरएफ (नेटमधून मिळणारी फेलोशिप) महिन्याला 37,000 आणि वर घरभाडं, तेही वेळेवर आलं तर.

तरी मी इथलीच घेतली, आणि कारण म्हटलं तर क्षुल्लक आहे. त्याआधी मी एका परदेशी युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टवर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सर्व्हे करायचो. प्रश्नावली सगळ्या राज्यांना एकच, त्यात ‘आशाताई शेवटच्या कधी आल्या?’ असा प्रश्न. आता गोव्यात आशा योजनाच नव्हती, इथे सगळी भिस्त एएनएमवर, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सताईंवर, त्यामुळे वाळपयच्या आसपासच्या वाड्यांवर लोक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी टॅबवर ‘लागू नाही’ दाबून पुढे, परत पुढच्या घरी तेच. प्रश्न बदलूया म्हटलं तर आधी फंडरची मंजुरी, मग त्यांची एथिक्स कमिटी, मग आपली, सगळे म्हणाले आता राहू दे. आणि लोक स्वतःहून जे विचारायचे, की काजू गोळा करायला रानात जायचं तर माकडतापाचं (रानातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचं) काय, त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही!

इथे गाइडशी बोलून विषय वळवता आला. सगळीकडे असं जमेलच असं नाही, काही गाइड भेटायलाच महिना लावतात म्हणे.

नोकरीचं दोन्हीकडे अवघडच. बाहेर पीएचडीनंतरच्या बऱ्याच पोस्ट ग्रँटवर चालतात, 2025 मध्ये अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड बंद पडली तेव्हा ओळखीतले चांगले चांगले लोक घरी बसले. इथे परमनंट जागेची जाहिरात निघेपर्यंत केस पिकतात, पण निघाली तर टिकते.

यूएनच्या नोकरीवरच डोळा असेल तर खुशाल बाहेर जा. पण गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विमा योजनेचं कार्ड असूनही माणूस खिशातून का भरतो, असलं काही शोधायचं असेल तर मी म्हणेन पीएचडी इथे करा आणि पोस्टडॉकला बाहेर जा. आणि बाहेरची ऑफर आलीच असेल तर सही करण्याआधी सुपरवायझरला विचारून घ्या, फिल्डवर गेल्यावर प्रश्न बदलता येईल का आणि त्याला किती महिने लागतील.