विज्ञान प्रदर्शनाच्या प्रोजेक्टचा क्लास, लातूर – ४ स्टार

माझी पोरगी नववीला हाय. दिवाळीच्या सुट्टीत तिला लातुरात एका सरांकडं आठ दिवसांचा प्रोजेक्टचा क्लास लावला, फी १२०० रुपये.

ही घरूनच ठरवून गेली होती, सोयाबीनवर मारायचं औषध पाण्यात टाकायचं अन् मासे किती वेळात मरतात ते बघायचं. सर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की औषध विषारी हाय हे डब्यावरच लिहिलेलं असतंय, मासे मारून तुला नवीन काय कळणार? मग मुगावर केलं, ओल्या रुमालात ५० दाणे साध्या पाण्याचे, ५० औषधाच्या पाण्याचे, औषध सरच कालवायचे. आमच्या वेळी कॉलेजात बेडूक कापायला लावायचे, त्या फॉर्मलीनचा वास अजून आठवतो. कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीनं २०१४ ला ते बंद केलं, लई बरं झालं.

दुसरा ग्रुप सातवीच्या लेकरांच्या झोपेची पाहणी करायलेला. त्यांच्या कागदावर एक प्रश्न होता, 'घरावर कर्ज हाय का, त्या काळजीनं झोप उडते का?' सरांनी लाल पेनानं खोडला. म्हणाले, आपल्या भागात कुणाच्या घरात काय घडून गेलंय तुमाला माहीत हाय का, ते लेकरू रडायला लागलं तर तुमी काय करणार? पोरं गप्पच झाली. अमेरिकेतल्या आयसेफ या शाळकरी पोरांच्या विज्ञान प्रदर्शनात माणसांवरचा प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी शिक्षक, शाळेचा अधिकारी अन् आरोग्यातला जाणकार असे निदान तिघं तपासतात. सरांनीबी तसंच केलं, ओळखीच्या मुख्याध्यापकांना अन् एका नर्सताईंना बसवून सगळे प्रश्न वाचून घेतले.

एक स्टार कापला तो झोपेच्या पाहणीला आईबापाची सही घ्यायच्या संमतीपत्रासाठी. सगळं इंग्रजीत! ज्या माउलीला मराठीच अडखळत वाचता येतं तिची सही घेऊन काय उपयोग? अन् खाली लेकराच्या सहीला जागाच नाही, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये तर ७ वर्षांवरच्या लेकराचीबी मर्जी विचारा म्हणलंय. मी सरांना स्पष्ट बोललो, त्यांनी ऐकलं. सहाव्या दिवशी पोरींनी फॉर्म मराठीत स्वतःच लिहिला, 'नाव लिहू नका, मधीच सोडावं वाटलं तर सोडा, कुणी काही म्हणणार नाही.' एका पोरानं खरंच तिसऱ्या प्रश्नाला कागद परत दिला अन् त्याला कुणी कारण विचारलं नाही.

लावायचा असेल तर पहिल्याच दिवशी मराठी फॉर्म मागा.