सिग्नल ॲप: कुलूप सगळ्यांचं, झडती एकाची

२०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नल हे संदेश आणि कॉलचं ॲप चालवणाऱ्यांकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यांतला एकच नंबर सिग्नलवर नोंदलेला होता. त्याच्याविषयी देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला. संपर्कांची यादी नाही, ग्रुप नाहीत, मजकूर तर नाहीच. आदेश पाळला गेला, पण जे साठवलंच नव्हतं ते देणार कुठून? या ॲपचं परीक्षण इथूनच सुरू करायला हवं. कॉलचा आवाज, स्टिकर वगैरे कामापुरते चांगले आहेत.

संदेश उघडण्याच्या किल्ल्या फक्त दोन्ही बाजूंच्या उपकरणांमध्ये असतात आणि संदेशागणिक बदलतात. त्यामुळे एक किल्ली हाती लागली तरी मागचं सगळं संभाषण उघडत नाही. पुढेमागे क्वांटम संगणकाने जुने संदेश फोडू नयेत म्हणून २०२३ पासून किल्ल्यांच्या पहिल्या देवाणघेवाणीत जादा संरक्षण घातलं आहे. ॲपचा कोड सर्वांना तपासता येतो. संस्था ना-नफा आहे आणि जाहिराती नाहीत, म्हणजे माहिती जमवून ठेवण्यात तिचा काही फायदाही नाही.

तपास यंत्रणांचा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत सर्व्हरवरच्या तपासणीतून मिळणारे धागे इथे मिळत नाहीत. हे नुकसान खरं आहे. पण त्यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे सरकारसाठी राखीव मागचा दरवाजा, त्याहून महाग पडतो. ग्रीसमध्ये २००४-०५ दरम्यान मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतली कायदेशीर टेहळणीची सोय अज्ञात लोकांनी ताब्यात घेतली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरलेले हॅकर अशाच सोयीपर्यंत पोचल्याचं उघड झालं. त्यानंतर तिथल्या सरकारी यंत्रणांनीच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (संदेश फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येईल असं कुलूप) असलेली ॲप वापरायचा सल्ला दिला.

दुसरा सुचवला जाणारा उपाय म्हणजे पाठवण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्येच मजकूर तपासायचा. त्याचा हिशेब मांडून बघा. रोजचे १०० कोटी संदेश आणि चूक हजारात फक्त एक धरली, तरी दिवसाला १० लाख निर्दोष संदेश संशयित ठरतात. एवढे तपासणार कोण? आणि तपासयादीत उद्या काय घातलं जाईल, हे नागरिकाला कळायचा मार्ग नाही.

सिग्नल असतानाही पोलिसांकडे वाटा उरतात. न्यायालयाच्या परवानगीने संशयिताचा फोन जप्त करता येतो, संभाषणातल्या दुसऱ्या माणसाची साक्ष घेता येते, मोबाइल कंपनीच्या नोंदी मागवता येतात. या वाटांना माणसं आणि वेळ लागतो, त्यामुळे त्या सरसकट सगळ्यांवर वापरता येत नाहीत. लोकशाहीत झडतीची सत्ता अशीच नेमकी असायला हवी. आमच्या मते सिग्नलची खरी गुणवत्ता यातच आहे.

आता सेटिंग्ज कशा लावायच्या ते. ॲप टाकून सोडून दिलं तर निम्मं संरक्षण वाया जातं. पिन ठेवा, मग सेटिंग्जमधल्या अकाउंटमध्ये जाऊन रजिस्ट्रेशन लॉक चालू करा. नाहीतर तुमच्या नावावर बनावट सिम काढणारा तुमचा नंबर स्वतःच्या फोनवर नोंदवू शकतो. सात दिवस सिग्नल वापरलं नाही तर हे लॉक निघतं, हे ध्यानात असू द्या. प्रायव्हसीमध्ये 'फोन नंबर कोणाला दिसावा' याला 'नोबडी' निवडा आणि ओळख देण्यासाठी यूजरनेम वापरा. नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद करा, कारण लॉक असलेल्या फोनच्या पडद्यावर उमटलेल्या मजकुराला कुठलंही एन्क्रिप्शन वाचवत नाही. महत्त्वाच्या माणसाशी ६० अंकी सेफ्टी नंबर (समोर खरंच तोच माणूस आहे हे पडताळण्याचा आकडा) प्रत्यक्ष भेटून क्यूआर कोडने जुळवा. फोन बदलला की तो बदलू शकतो, तसं झालं तर पुन्हा जुळवा.

सर्वांत मोठा धोका 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये, म्हणजे तुमच्या खात्याला जोडलेल्या इतर उपकरणांच्या यादीत आहे. ग्रुपचं आमंत्रण म्हणून आलेला क्यूआर कोड स्कॅन केला आणि तो प्रत्यक्षात उपकरण जोडण्याचा निघाला, तर पुढचे सगळे संदेश हल्लेखोरालाही पोचतात. रशियाशी संबंधित गट हे करत असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये समोर आलं. ही यादी दर आठवड्याला उघडा आणि अनोळखी उपकरण लगेच काढा.

उणिवाही आहेत. नोंदणीला फोन नंबर लागतोच, आणि सिम ओळखपत्राशी जोडलेलं असतं तिथे निनावी राहणं अवघड जातं. सुरक्षित बॅकअपची ६४ अक्षरी किल्ली हरवली तर सिग्नलही मदत करू शकत नाही, म्हणून ती कागदावर लिहून फोनपासून वेगळी ठेवा.

आपोआप पुसले जाणारे संदेश (चार आठवड्यांपर्यंतची मुदत तयारच मिळते) नागरिकासाठी उत्तम, पण सरकारी कामासाठी चुकीचे. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा करणाऱ्या वरिष्ठ अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये एक पत्रकार चुकून जोडला गेला. त्यातले काही संदेश पुसले जाण्यावर लावलेले होते, म्हणून ते जपण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. सार्वजनिक पदावरच्या माणसाने पदाचं काम या ॲपवर करू नये. तिथे नोंद हा जनतेचा हक्क आहे.