रोज तोच डबा, पण वजन कमी करायचं असेल तर नक्की लावा (सिंहगड रोड, पुणे)

वडगावच्या बाजूला एक काकू घरनंच डबा देतात, नाव बोर्ड काही नाही, सगळं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. बरेच महिने दुपारचा डबा त्यांचाच घेतेय आणि ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की वजनासाठी कुठला डबा चांगला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेनू एकच, सोमवार ते शनिवार. दोन ज्वारीच्या भाकरी, मुगाची पातळ आमटी, पालेभाजी, काकडीची नाहीतर मुळ्याची कोशिंबीर आणि ताक. बदलते ती फक्त पालेभाजी, मंडईत जे ताजं मिळेल ते, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, थंडीत हरभऱ्याचा पालाही असतो. पनीर नाही, गोड नाही, शनिवारचं स्पेशल वगैरे काही नाही. काकू पहिल्याच फोनवर सांगतात की रोज वेगळं हवं असेल तर माझा डबा लावू नका.

मला तर हेच सगळ्यात आवडलं. ताटात प्रकार वाढले की माणूस जास्त खातो, एका चवीनं पोट भरलं तरी दुसरी चव समोर आली की परत खावंसं वाटतं, याच्यावर अभ्यास पण झालेत आणि त्याला सेन्सरी स्पेसिफिक सटायटी म्हणतात. रोज तेच जेवण असलं की पोट भरल्यावर हात आपोआप थांबतो आणि कॅलरीचा हिशोब एकदाच करावा लागतो, दुपारी एक वाजता भूक लागलेली असताना काय मागवू हा विचारच नको, ऑफिसात माझं सगळं तिथेच बिघडायचं.

तेलाचं मुद्दाम सांगते. काकू फोडणी चमच्यानं मोजून घालतात, हे मी त्यांच्या ओट्याशी उभं राहून बघितलंय. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, त्यात ४५ च्या आसपास कॅलरी, आता हॉटेलच्या भाजीवर जो तवंग असतो त्यात असे किती चमचे असतील बघा.

आणि भाकरी! मालदांडी ज्वारी थोडी थोडी दळून आणतात, कारण पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना कडा चिरतात. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हात असतं ते चिकट प्रोटीन, नसतं म्हणून पीठ नुसत्या गार पाण्यात नीट धरत नाही, काकू उकळतं पाणी घालून झाकून ठेवतात आणि मग तळहातानं चांगलं मळतात. सुती फडक्यात गुंडाळून देतात त्यामुळे डब्यात घाम धरत नाही, दुपारी दीडला पण पापुद्रा सुटतो.

आता कमी काय आहे ते पण सांगते. प्रोटीन कमी पडतं. दोन भाकरीत १० ग्रॅमच्या आसपास मिळतं, पण आमटी पातळ असल्यामुळे त्यातनं फार मिळत नाही, मी सोबत उकडलेलं अंडं किंवा वाटीभर घट्ट दही घेते. पूर्ण शाकाहारी असाल तर बी१२ एकदा तपासून घ्या, धान्यात आणि भाजीत ते नसतं आणि पातळ ताकावर भागत नाही. आमटीत मीठ जरा पुढे असतं, सांगितलं की आठवडाभर बरोबर असतं मग परत तेच. आषाढीला आणि महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी देतात, साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यावर कूट आणि तूप, त्या दिवशी मी डबा घेत नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन हळू उतरतंय पण कंबर छान कमी झाली. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी म्हणतात, मी त्याच्या जवळ आलेय आणि मला खूप बरं वाटतंय.

डबा ९० रुपये, स्टीलचा, डिपॉझिट वेगळं. पावसात अर्धा तास उशीर धरून चाला. सुट्टी घ्यायची असेल तर आदल्या रात्री ९ च्या आत मेसेज टाका, नाहीतर पैसे धरतात. भाकरी एकच हवी असेल तर तसं सांगा, पैसे तेवढेच पण काकू बदल्यात पालेभाजी दुप्पट देतात.