मामांची अक्कलदाढ आणि पणजीतले स्कॅन केंद्र

माझे मामा फोंडा तालुक्यातील एका देवळात सनई वाजवतात. उजवीकडची खालची अक्कलदाढ काढायचे ठरले तेव्हा त्यांनी दंतवैद्यांना एकच विचारले, "ओठ बधिर राहिला तर?" शंका रास्त होती. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना पुरवणारी नस जबड्याच्या हाडातल्या कालव्यातून जाते आणि अक्कलदाढेची मुळे कधीकधी त्या कालव्याला टेकलेली असतात. नस दुखावली तरी ओठ हलतो, पण सनईची पत्ती कुठे टेकली हे कळेनासे होते.

आधी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या सपाट क्ष-किरण चित्रात, कालव्याची पांढरी कड मुळापाशी तुटलेली आणि मूळ तिथे काळपट दिसत होते. ही धोक्याची खूण मानतात. मात्र कालवा मुळाच्या गालाकडील बाजूस आहे की जिभेकडील, हे सपाट चित्रात समजत नाही, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन, सांगितले गेले. ओपीजीत अशी खूण नसेल तर या स्कॅनची सहसा गरज नसते, कारण यात क्ष-किरणांची मात्रा अधिक असते.

पणजीतल्या केंद्रात आम्हांला वेळेवर आत घेतले. भिकबाळी उतरवून, हनुवटी टेकवून मामा बसले आणि यंत्र काही सेकंदांत डोक्याभोवती फिरले. चिठ्ठी वाचून तंत्रज्ञाने केवळ जबड्याच्या त्या कोपऱ्याचेच चित्रण केले. पूर्ण चेहरा घेऊन मात्रा वाढवली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटले.

अहवालाने मात्र निराशा केली. कालवा लाल रेषेने आखलेला होता, परंतु मजकूर तीनच ओळींचा, "नस मुळाच्या जवळ आहे" एवढेच सांगणारा. बाजू कोणती, मध्ये हाड किती, याचा उल्लेख नाही. फोंड्याच्या शल्यचिकित्सकांनी संगणकावर एकेक आडवा छेद पुढेमागे करून पाहिला, तेव्हा कालवा जिभेकडील बाजूस असून एका जागी मुळाच्या नि त्याच्या मध्ये हाडच नाही, हे दिसले. लाल रेषा तिथे थोडी बाहेर सरकली होती. ती यंत्र आपोआप काढत नाही, कोणीतरी बिंदू टेकवत आखतो, म्हणून आपण रेषेवर विसंबत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी मुळे न उपटता दाढेचा वरचा भाग तेवढाच कापायचे ठरवले.

हे छेद पाहायला मिळाले तेही दुसऱ्या फेरीत. दिलेली सीडी दवाखान्यात उघडेना आणि पेन ड्राइव्हसाठी मला पुन्हा पणजी गाठावी लागली. तिथे जाणार असाल तर मूळ फाइल्स पेन ड्राइव्हवरच मागा आणि नस कोणत्या बाजूला आहे हे अहवालात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.