शेवंडं, दोन टक्के अडत आणि गेलेला माउस: ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये 11 महिने कमाई करून

माउसचं डावं बटण गेलं म्हणून हे लिहायला बसलोय. गेलं म्हणजे पूर्ण गेलं नाही. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं वागायला लागलं. ऑफिसच्या कामात त्याचा फार त्रास नाही. पण ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळातल्या बँकेतून शेवंडांचा (लॉबस्टरचा) एक पिंजरा काढायला जावं आणि दोन हातात यावेत, म्हणजे पिशवीतली एक जागा फुकट. पिशवीत जागा 28. एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरल्या 26. दुसरा पिंजरा आला की 25. ज्याला यात काही वाटत नाही त्याने पुढे वाचू नये.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने माउस उलटासुलटा केला, बटणावरची झिजलेली चकाकी पाहिली आणि म्हणाला, "काका, गेमिंग का?" मी म्हटलं, मासेमारी. त्याने फॉर्मवर 'सामान्य वापर नाही' असं लिहिलं आणि वॉरंटी नाकारली. मी त्याला समजावलं की शेवंडं पकडताना एकदा क्लिक करायचं आणि मग पात्र आपलं आपण पकडत बसतं, मी तोवर भाजी निवडतो. उलट एक्सेलमध्ये मी दहापट क्लिक करतो. त्याला पटलं नाही. शेवटी स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने आतला स्विच बदलून दिला, 80 रुपयांत.

खेळ काय आहे ते सांगत बसत नाही, इथे आलेल्यांना माहीत असणारच. माझा संबंध जुना. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला 20 रुपये मोजून मी रूनस्केपमध्ये झाडं तोडायचो. 2013 साली जो 'ओल्ड स्कूल' सुरू झाला तो ऑगस्ट 2007 च्या बॅकअपवरून, म्हणजे मी 20 रुपये घालवायचो तेच जग, जवळजवळ तसंच. आता घरचं वायफाय असल्यामुळे तास फुकट पडतो. हे एक कारण परत यायला पुरेसं होतं.

ठरवलं होतं ते एकच: खिशातला रुपया घालायचा नाही. मेंबरशिप (फुकट खात्यापेक्षा जास्त खेळ उघडणारं सदस्यत्व) हवी तर खेळातल्या सोन्याने, म्हणजे नाण्यांनी, बॉन्ड विकत घ्यायचा. एका बॉन्डवर 14 दिवसांची मेंबरशिप मिळते. मी पाहिलं तेव्हा बॉन्डचा भाव दीड कोटीच्या आसपास होता. फुकट खात्यावर लाकूड, मासे, खनिज एवढंच हातात. मी मासे निवडले, कारण फिशिंगची लेव्हल 40 झाली की शेवंडं मिळतात आणि मूसा पॉइंटचा धक्का मला आवडतो.

मूसा पॉइंटला जायला पोर्ट सरीमहून बोट आहे. भाडं 30 नाणी. परत यायला पुन्हा 30, आणि वर तो कस्टम्सवाला रमच्या बाटल्यांसाठी पिशवी तपासणार. 26 शेवंडं घेऊन यायचं, सरीमच्या धक्क्यावरच्या डिपॉझिट बॉक्समध्ये टाकायची, परत 30 द्यायचे. पहिल्याच आठवड्यात मी 'सगळं टाका' हे बटण दाबलं. शेवंडांबरोबर पिंजराही गेला आणि नाणीही गेली. डिपॉझिट बॉक्समधून बँकेत टाकता येतं, बँकेतलं काढता येत नाही. मग ड्रेनरच्या बँकेपर्यंत चालत. त्या रात्री लॅपटॉप जरा जोरातच बंद केला.

हिशेब असा. शेवंड मी 149 नाण्यांना विकतो. 150 ला का नाही, ते सांगतो, कारण या अकरा महिन्यांत मी कुठल्या गोष्टीवर सर्वांत जास्त विचार केला असेल तर ती ही.

ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, विकणाऱ्याकडून कर घेतात. डिसेंबर 2021 मध्ये लागला तेव्हा 1 टक्का होता, 2025 मध्ये 2 टक्के झाला. मी त्याला अडतच म्हणतो. कर प्रत्येक नगावर मोजला जातो आणि अपूर्णांक सोडून देतात. आता बघा. 150 चे 2 टक्के 3, हातात 147. 149 चे 2 टक्के 2.98, पण कापतात 2, हातात 147. म्हणजे 150 ला विका नाहीतर 149 ला, तुमच्या हाती तेवढेच पडणार. पण 149 वाल्याचा माल आधी उठतो. हेच 100 आणि 99 ला, 50 आणि 49 ला (49 ला तर कर शून्य). तरी लोक गोल आकड्यावर माल लावून दिवसेंदिवस वाट बघतात. मी हे बायकोला समजावलं. ती म्हणाली, "अहो, यात वाचलं किती?" वाचलं काहीच नाही. मुद्दा तो नाहीये.

तर 147 हाती. 26 शेवंडांच्या एका खेपेचे 3,822, त्यातले 60 भाड्यात. दीड कोटीला 147 ने भागलं तर एक लाख दोन हजार शेवंडं, म्हणजे 3,925 खेपा. निव्वळ बोटभाडं 2,35,500. तासाला दीडशे शेवंडं धरली (मी भाजी निवडत असतो, त्याहून जास्त होत नाहीत) तर 680 तास. आणि बॉन्डचे 14 दिवस म्हणजे झोप धरूनसुद्धा 336 तास. हे गणित मी चौथ्या महिन्यात मांडलं. आधी का नाही मांडलं, हा प्रश्न मलाही पडतो.

तरी खेळत राहिलो. एक म्हणजे सवय. दुसरं, एक मजा सांगतो. या खेळात पैसे लाखाच्या आत असले तर आकडा पिवळा दिसतो. एक लाख झाले की पांढरा होतो आणि 100K लिहून येतं. कोटीला पोचलात की हिरवा, 10M. बाकी जगाला हे आकडे अधलेमधले वाटत असतील, आपल्याला मात्र बरोबर लाखाला आणि कोटीला रंग बदललेला दिसतो. पहिला लाख पांढरा झाला त्या दिवशी मी आईला दाखवलं. "रुपयांत किती?" एक पैसाही नाही. सोनं रुपयांत विकणं नियमात बसत नाही, खातं जातं. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं पोटासाठी याच खेळात सोनं जमवून विकत होती, नियम मोडूनच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तू कोणत्या पोटासाठी करतोस?"

मधल्या काळात वुडकटिंगची (लाकूडतोडीची) लेव्हल 60 करून एजव्हिलला यू नावाची झाडं तोडून पाहिली. यात मात्र बदल झालाय आणि तो चांगला आहे. आमच्या वेळी झाड केव्हाही पडायचं आणि पुढच्या झाडापर्यंत पळापळ असायची. 2023 च्या फॉरेस्ट्री या अपडेटनंतर झाडाला ठरावीक वेळ असते आणि शेजारी जितके लोक तोडतील तितका थोडा फायदाच होतो. अनोळखी माणसं एका झाडाभोवती गप्प उभी असतात. त्यातली निम्मी बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, असावीत असा माझा संशय आहे. नावं कीबोर्डवर हात आपटल्यासारखी, आणि कोणी 'हाय' म्हटलं तर उत्तर नाही. अर्थात उत्तर मीही देत नाही.

इथपर्यंत नवव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि निष्कर्ष होता: वेळ वाया, 5 पैकी 2. मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली. भाचा घरी आला, माझी बोटीची येरझार बघत बसला आणि म्हणाला, "मामा, स्टाइल्सकडे का नाही देत?" कोण स्टाइल्स? मूसा पॉइंटवरच, धक्क्यापासून थोडं चालून गेलं की उभा असतो. त्याच्याकडे शेवंडं दिली की तो त्यांच्या बँकनोटा, म्हणजे मालाच्या चिठ्ठ्या, करून देतो. फुकट. सगळ्या नोटा मिळून पिशवीतली एकच जागा. म्हणजे बोट नको, कस्टम्स नको, 30 नको. मी नऊ महिने त्या माणसापासून चार पावलांवर मासे धरत होतो. भाचा हसायचा थांबेना. मी त्याला चहा विचारला नाही.

दुसरी. हसल्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याने मला वाढदिवसाला एक बॉन्ड दिला. 14 दिवस मेंबर. पहिले चार दिवस शेतीची लेव्हल वाढवण्यात गेले. 32 झाली की रॅनार ही औषधी वनस्पती लावता येते. पाच वाफे: फॅलडोर, कॅथर्बी, आर्डून, पोर्ट फॅझमॅटिस, होसिडियस. बी लावायचं, अल्ट्राकंपोस्ट खत घालायचं आणि निघायचं, पाणीसुद्धा घालावं लागत नाही. 80 मिनिटांनी पीक तयार. अल्ट्राकंपोस्ट असेल तर एका वाफ्यातून निदान 6 जुड्या निघतातच. रोग पडतो कधीकधी आणि वाफा मरतो, ते आपल्याला नवीन नाही. पण एका फेरीला लागतात सात मिनिटं, आणि ती फोनवर होते. हा खेळ 0.6 सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे इंग्लंडच्या वर्ल्डवर (सर्व्हरवर) डोंबिवलीहून खेळलं तरी शेतीत काही अडत नाही. सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने एक फेरी. जेवणाच्या सुट्टीत दुसरी. माउसची गरजच नाही. 80 रुपये खर्चून झाल्यावर हे कळलं.

आता आकडे. नऊ महिन्यांची मासेमारी आणि लाकूडतोड मिळून शिल्लक 26 लाख. दहा दिवसांची शेती 82 लाख, बियाण्याचा खर्च वजा जाता. माझे आजोबा असते तर त्यांना हा खेळ दाखवला असता. शेती करून नफा, आणि तोही दलालाला 2 टक्के देऊन!

दीड कोटीला 42 लाख कमी पडत होते, ते भाच्याकडून उसने घेऊन बॉन्ड घेतला. पाच दिवसांत फेडले. त्याने व्याज मागितलं, मी त्याला नऊ महिन्यांच्या बोटभाड्याची आठवण करून दिली.

तर रेटिंग बदलतो. नुसतं गोळा करून, फुकट खात्यावर बॉन्ड कमवायचा म्हणाल तर 5 पैकी 1, आधी दिलेले 2 सुद्धा जास्तच होते. मेंबर होऊन शेती, 4. एक गुण कापला तो अडतीचा. 1 टक्का होता तेव्हा 149 ला एकच नाणं गेलं असतं.

मासेमारी सोडलेली नाही. भाजी निवडताना दुसरं करणार काय? सध्या 1,200 शेवंडं 149 ला लावून ठेवली आहेत, तीन दिवस झाले. भाव 146 वर आलाय म्हणे. 148 ला आणणार नाही.