जर्मनीतलं मास्टर्स: फी नाही, मग मोजायचं काय? तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

"जर्मनीत शिक्षण फुकट असतं" हे ऐकून बरेच जण इकडचा विचार सुरू करतात. मीही त्यांतलीच. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून एका सरकारी टेक्निकल युनिव्हर्सिटीत इंग्रजीतून मास्टर्सला आले, आता तिसरं सेमिस्टर उतरणीला लागलंय. पहिल्या महिन्याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने पडलेत. त्यांत बर्फ, सायकली आणि सुपरमार्केट. परीक्षा, नोकरी आणि व्हिसाची मुदतवाढ या तिन्हींतून गेल्यावर माणूस काय म्हणतो, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हे लांबण.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच: इथल्याच मोजपट्टीने मी या सगळ्याला 2.0 देईन. इथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. घरी फोनवर "एक पॉइंट तीन मिळाले" असं आनंदाने सांगितलं की पलीकडे काही क्षण कुणीच बोलत नाही, याची सवय ठेवा.

पैशाचं आधी मिटवू. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. दर सेमिस्टरला एक वर्गणी भरावी लागते, ती विद्यापीठानुसार साधारण 100 ते 400 युरो, आणि बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास त्यातच येतो. पण सरसकट "जर्मनीत फुकट" म्हणू नका. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात 2017-18 च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024-25 च्या हिवाळ्यापासून नव्याने येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी 4,000 ते 6,000 युरो लावलेत, तेही दर सेमिस्टरला. जुने लेख वाचून कॉलेजांची यादी करणाऱ्यांची इथेच फसगत होते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. ते कुणाच्या घशात जात नाहीत, महिन्याला 992 प्रमाणे आपलेच आपल्याला मिळतात. मोठ्या शहरात खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा वळता केला की त्यातलं उरतं ते मात्र जपूनच वापरावं लागतं.

पण माझं म्हणणं पैशाबद्दल नाहीच. इथे किंमत वेळात घेतात, आणि ती कुठल्याही ब्रोशरवर छापलेली नसते.

हिशेब करून बघा. मास्टर्सला 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला 30. एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम, असं इथे धरतात. म्हणजे सेमिस्टरचे 900 तास. सहा क्रेडिटचा एक विषय घ्या: कागदावर 180 तास. त्यातले वर्गात जाणारे जेमतेम 45 ते 60. उरलेले किमान 120 तास तुम्ही कुठे, कधी, कसे घालवता हे बघायला कुणीही येत नाही. सबमिशन नाही, जर्नल नाही, युनिट टेस्ट नाही, "सगळ्यांनी उद्या फाइल आणा" नाही. वर्ग हा या कोर्सचा एक-तृतीयांश भाग आहे आणि बाकीचा दोन-तृतीयांश अदृश्य आहे. हे ज्याला पहिल्या महिन्यात उमगतं त्याचं बरं चालतं.

वर्गाबद्दल तक्रार करायला जागा नाही. हजेरी नसते. वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी अनेक ठिकाणी तास सव्वादहाला सुरू होतो, ती जुनी विद्यापीठी पद्धत. पण सव्वादहा म्हणजे सव्वादहा. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांनी बाकावर टकटक करतात. प्रोफेसर थिअरी सांगतात आणि त्याला जोडून युबुंग असते, म्हणजे गणितं सोडवण्याचा वेगळा तास, तो बहुधा पीएचडी करणारे असिस्टंट घेतात. माझा अनुभव असा की एखाद वेळी लेक्चर चुकलं तर रेकॉर्डिंगवर भागतं, युबुंग चुकली की भागत नाही. पेपर तिथून येतो. प्रश्न विचारायला कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि "हे मला तपासून सांगावं लागेल" असं वर्गासमोर म्हणणारे प्रोफेसर मी इथे पाहिले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

आता परीक्षा. बहुतेक विषयांना सेमिस्टरअखेरीस एकच क्लाउसुर, म्हणजे लेखी परीक्षा, साधारण 90 ते 120 मिनिटांची. ग्रेड पूर्ण तिच्यावर. परीक्षेची नोंदणी तुम्ही स्वतः पोर्टलवर करायची, ठरलेल्या मुदतीत. विषयाला सेमिस्टरभर बसलात तरी नोंदणी नसेल तर हॉलमध्ये जागा नाही, आणि कुणी आठवणही करून देत नाही. नाव नोंदवून डॉक्टरच्या दाखल्याशिवाय गैरहजर राहिलात तर बहुतेक ठिकाणी सरळ 5.0. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला एकूण तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसरीही गेली तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. एटीकेटी घेऊन पुढे सरकायची सवय असलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं. नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे आपल्या कोर्सची परीक्षा-नियमावली, ती जर्मनमध्ये असली तरी, भाषांतर लावून शेवटपर्यंत वाचा.

तयारीसाठी दोन गोष्टी सोन्याच्या. एक, फाखशाफ्ट, म्हणजे विभागाच्या विद्यार्थ्यांची संघटना. त्यांच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतात. दुसरी, हाताने लिहिलेला ए-फोर कागद. काही विषयांत दोन्ही बाजूंनी स्वतःच्या अक्षरात सूत्रं लिहून नेता येतात, छापील चालत नाही. तो कागद भरायला मला चांगले दोन-तीन दिवस जातात आणि हॉलमध्ये त्याच्याकडे बघायची वेळ क्वचित येते. काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरवता ठरवताच विषय डोक्यात बसतो.

आणि एक प्रकार जो मला या व्यवस्थेत सगळ्यांत जास्त आवडला: आइनझिश्ट. निकालानंतर आपला तपासलेला पेपर बघायचा हक्क. ठरलेल्या दिवशी सभागृहात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, फोन पिशवीत. समोर आपला पेपर, बाजूला आदर्श उत्तर, हातात वीस-पंचवीस मिनिटं. कंपनांच्या (व्हायब्रेशन्स) विषयात माझ्या एका गणितात पहिल्या पायरीवर चिन्ह उलटं पडलं होतं आणि तिथून खाली लाल रेघ होती. मी असिस्टंटला दाखवलं की ते चिन्ह तसंच धरलं तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर येते. त्याने खुर्ची ओढली, माझ्याच पेनची टोपी प्रत्येक ओळीखाली सरकवत संपूर्ण पान वाचलं, मान हलवली आणि समासात गुण वाढवले. एकदा वजा केलेली चूक पुढे पुन्हा पुन्हा वजा करायची नाही, असा इथे रिवाज आहे. ग्रेड 2.7 वरून 2.3 झाला. तेवढ्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, अर्ज-विनंत्या नाहीत, ओळख नाही. हे पाहिल्यावर मी प्रत्येक आइनझिश्टला जाते, चांगले गुण मिळाले असले तरी.

इंटर्नशिपकडे वळू, कारण तासांचं गणित खरं तिथे बिघडतं. इथे तीन वेगळे प्रकार आहेत आणि नवखे त्यांची सरमिसळ करतात. प्राक्टिकुम म्हणजे पूर्णवेळ इंटर्नशिप. ती अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. स्वेच्छेची तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर लागू होतो. किमान वेतन 2025 मध्ये ताशी 12.82 युरो होतं, जानेवारी 2026 पासून 13.90 झालं. दुसरा प्रकार वेर्कश्टुडेंट: शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ नोकरी, वर्ग चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, सुट्टीत पूर्णवेळ चालते. तिसरा हीवी, म्हणजे विद्यापीठातच असिस्टंटच्या हाताखाली. आपल्यासारख्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आहे (मार्च 2024 पूर्वी ती 120 आणि 240 होती), आणि हीवीचं काम त्या दिवसांत धरत नाहीत. ज्यांचं जर्मन कच्चं आहे त्यांनी सुरुवात हीवीनेच करावी, असं माझं ठाम मत.

मी वेर्कश्टुडेंट आहे, एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या टेस्टिंग विभागात. अर्ज पाठवून उत्तर न येणं हा इथला नियमच समजा. माझ्या बाबतीत फरक पडला तो सीव्हीत जर्मन बी-वन, म्हणजे मधली पातळी, आल्यावर. कोर्स इंग्रजीत असतो हो, पण कंपनी जर्मनमध्ये चालते. सकाळच्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी सगळे इंग्रजीत सुरुवात करतात. मग कुणीतरी बेअरिंगच्या आवाजाबद्दल काही सांगतो, दुसऱ्याला ते पटत नाही, आणि वाद रंगला की गाडी जर्मनवर घसरते. त्या वादातच खरं शिक्षण असतं. पहिले काही महिने मला "बेअरिंग", "मंगळवार" आणि "नाही" एवढंच कळत होतं. आता वादात अधूनमधून तोंड घालते, लिंग-विभक्ती चुकवत का होईना. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातले कोर्स फुकट किंवा स्वस्त असतात. पहिल्याच सेमिस्टरला धरा, विषय एखादा कमी घेतलात तरी चालेल.

काम मात्र खरं मिळतं, चहा-झेरॉक्सचं नाही. टेस्ट बेंचवरून येणारा डेटा साफ करणारी माझी पायथनची स्क्रिप्ट आज टीम रोज वापरते. तास नोंदवले जातात, आणि वीस भरत आले की बॉसच म्हणतो, जा आता. त्यात त्याचा चांगुलपणा आहेच, पण विम्याची सवलतही त्या मर्यादेवर टांगलेली असते.

आता बेरीज करा. 900 तास सेमिस्टरच्या 26 आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला सुमारे 35. त्यात नोकरीचे 20. झाले 55, आणि यात जर्मन, स्वयंपाक, कपडे, सरकारी कागद काहीच नाही. म्हणूनच दोन वर्षांचं मास्टर्स अनेक जण अडीच-तीन वर्षांत करतात आणि इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मीही दर सेमिस्टरला 30 च्या हट्टाला लागले नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दर फोनला "संपलं का?" ऐकावं लागतं.

सरकारी कागदांचं थोडक्यात. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं पत्र. राहण्याच्या परवान्याच्या (व्हिसाच्या) मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी टाका. मी टाकला होता, तरी कार्यालयाकडून कित्येक आठवडे ना हो ना नाही, ईमेलला उत्तर नाही आणि ऑनलाइन कॅलेंडरमध्ये अपॉइंटमेंटची एकही वेळ मोकळी नाही. माझ्या 2.0 मधला बराचसा तोटा याच प्रकरणाचा. मुदतवाढ लांबली तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता दाखला मिळतो. तो हातात पडला की परदेशप्रवासाचं तिकीट काढण्याआधी त्यावर निवास कायद्यातल्या कलम 81 च्या कुठल्या पोटकलमाची खूण आहे ते बघा: चौथ्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, तिसऱ्यावर नाही. मुदतवाढीला पैशाचा पुरावा परत लागतो आणि किती क्रेडिट झाले हेही विचारू शकतात, म्हणजे अदृश्य तासांचा हिशेब तिथेही निघतो.

हे कुणाला मानवेल? ज्याला मागे लागणारं कुणी नसलं तरी सकाळी उठून लायब्ररीत जाता येतं, त्याला. वर्गातली चुरस, सरांचा धाक, होस्टेलचा गोंधळ यांवर ज्याचा अभ्यास चालतो त्याला पहिला हिवाळा जड जाईल. नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद. त्यापलीकडे एकटेपणावर मी वेगळं काय सांगणार.

माझ्यापुढे आता थीसिस आहे, 30 क्रेडिट, सहा महिने. कंपनीने विषय देऊ केलाय, पगारासकट, पण कंपनीत थीसिस करायचा तरी विद्यापीठातला प्रोफेसर मार्गदर्शक म्हणून लागतोच, आणि गुण तोच देतो. दोन प्रोफेसरांनी विषय "फारच कंपनीचा" म्हणून परत पाठवला, तिसऱ्यांनी तीन पानी प्रस्ताव मागितलाय. शिवाय करारात गोपनीयतेचं कलम आहे: थीसिसमधले निष्कर्ष काही वर्षं कुणाला दाखवायचे नाहीत. पुढे पीएचडीसाठी हाच थीसिस दाखवायचा असेल तर ते अडचणीचं. कलमाची मुदत कमी करून द्या म्हणून मी एचआरला लिहिलंय, उत्तर आलं की खाली जोडेन.