चौकट, टायमर की फळा? एमआयडीसीतल्या अकाउंट्सच्या टेबलाला काय सोसतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत अकाउंट्स सांभाळणाऱ्यापुढे तीन तऱ्हेची कामं येतात. गेटवर गाडी लागलेली असते आणि ड्रायव्हर बिलासाठी ताटकळत असतो. ७ ला टीडीएस (पैसे देताना कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला कामगारांचे पीएफ-ईएसआय आणि २० ला ३बी (जीएसटी भरायचं विवरण) या महिन्याच्या तारखा ठरलेल्या. आणि येणे बाकी, जॉबवर्कची (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाची) चलनं यांसारखी कामं, जी कोणी विचारतच नाही. ही कामं आखायच्या तीन पद्धती इथे बघू: चौकट, टायमर आणि फळा. त्यातली निवडताना कामं किती आहेत यापेक्षा तुम्हाला मधेच कोण उठवतं, हे आधी बघा.

चौकट

तातडीचं-महत्त्वाचं अशा चार घरांची ही चौकट आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. खर्च काही नाही, सकाळी दहा मिनिटं आणि एक कागद पुरतो. अडचण अशी की दुपारी बारापर्यंत सगळीच कामं पहिल्या, म्हणजे तातडीचं आणि महत्त्वाचं अशा घरात जाऊन बसतात, कारण जो मोठ्याने बोलतो त्याचं काम तातडीचं ठरतं. म्हणून कसोटी पैशाची लावा: आज झालं नाही तर दंड-व्याज लागेल किंवा गाडी अडेल, तेवढंच तातडीचं. जूनमध्ये कापलेला टीडीएस ७ जुलैऐवजी ८ ला भरला, तर व्याज एका दिवसाचं लागत नाही. जून आणि जुलै दोन्ही महिने धरून दीड-दीड टक्का, म्हणजे ३ टक्के जातात.

चौकटीचा खरा फायदा दुसऱ्या घरात आहे, महत्त्वाचं पण आज तातडीचं नाही अशा कामांत. बाहेर मशिनिंगला पाठवलेलं कास्टिंग वर्षाच्या आत परत आलं नाही, तर जीएसटीत ते पाठवलं त्या दिवशीच विकलं असं धरून कर आणि व्याज लागतं. डाय-जिगसारख्या साच्या-अवजारांना ही मुदत नाही, कास्टिंगला आहे. रोज एकाच जॉबवर्करची चलनं तपासायची, एवढं त्या घरात लिहिलं तरी चालतं.

टायमर

फ्रान्चेस्को सिरिलो यांची पोमोडोरो पद्धत: २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आपल्या खरेदीशी जुळवायला याला तोड नाही. २बी १४ तारखेला येतं, ३बी २० ला भरायचं. मधे रविवार गेला की हातात पाचच दिवस. मेळ अर्ध्यावर सोडून उठलं की कुठपर्यंत टिक केलं ते आठवत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. पुरवठादार रकमेनुसार मोठ्यापासून लावा, आणि उठण्याआधी शेवटच्या तपासलेल्या बिलाचा नंबर लिहून ठेवा.

पण मोडलेली फेरी धरायची नाही, असा मूळ नियम आहे, आणि डिस्पॅच असलेल्या ऑफिसात ती रोजच मोडणार. त्यावर इलाज आहे. सकाळीच डिस्पॅचकडून दिवसाचा प्लॅन घ्या. ज्यांचं इन्व्हॉइस तयार आहे त्यांच्या ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचा) भाग-अ, म्हणजे मालाचा तपशील, भरून ठेवा. गाडीचा नंबर आला की फक्त भाग-ब भरायचा. ई-वे बिलाची वैधता भाग-ब भरल्यापासूनच मोजली जाते, आणि भाग-अ नंतर भाग-ब भरायला १५ दिवस मिळतात. गेटवरची खोळंबा-खोळंबी मिनिटांवर येते. हे न करता नुसता टायमर लावला, तर आठवड्यात तो ड्रॉवरमध्ये जाईल.

फळा

टोयोटातून आलेलं कानबान, म्हणजे कामं फळ्यावर रकान्यांत मांडायची पद्धत, इथल्या ऑटो पार्ट्सवाल्यांना शॉपफ्लोअरवर पाठ आहे; ऑफिसात मात्र क्वचित दिसतं. रकाने चार: करायचं, चालू, अडकलंय, झालं. ‘चालू’मध्ये एका माणसाची तीनपेक्षा जास्त कामं नकोत. ही मर्यादा पाळली नाही, तर तो नुसता नोटीस बोर्ड. सगळ्यात कामाचा रकाना ‘अडकलंय’: कुणाकडे आणि कधीपासून, दोन्ही लिहायचं. चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडू नका, जून-जुलैच्या दमट हवेत त्या सकाळी जमिनीवर सापडतात. पांढरा बोर्ड आणि मार्कर बरा.

मग घ्यायचं काय?

टेबलावर एकटेच असाल, तर रोज चौकट आणि १४ ते २० टायमर. तीन-चार जण असाल तर आधी फळा. चौकट ज्याने त्याने आपल्या वहीत करावी. एकट्यासाठी फळा बहुतेक शोभेचाच ठरतो.

तरी ठरत नसेल, तर आठवडाभर कागदावर खुणा करा: गेट, फोन, मालक. गेटच्या खुणा जास्त निघाल्या तर भाग-अ वाला इलाज आधी. फोनच्या जास्त असतील, तर पार्ट्यांना बोलायची वेळ सांगून ठेवा, दुपारी तीन ते चार वगैरे. आणि मालकांच्या जास्त निघाल्या, तर एकटे असलात तरी फळा घ्याच, आणि तो त्यांना केबिनमधून दिसेल अशा भिंतीवर लावा. ‘झालं का?’चे निम्मे फोन त्यानेच थांबतात.